कथाचित्राची आखणी: गोदाघाटावरच्या एका चित्राच्या निमित्ताने

एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या कोणालाही स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. नदीकाठचा घाट, आठवड्याचा बाजार, पावसातली शाळा असा एखादा विषय येतो आणि वर्गात वर्षभर घोटवून घेतलेला साचा हातातून आपोआप उतरतो: पुढे दोन-तीन मोठ्या मानवाकृती, एका कडेला कागदाबाहेर जाणारे झाड, मागे घर, त्याच्याही मागे डोंगर आणि उरलेल्या आकाशात पक्षी. हा साचा वाईट नाही. चित्राला पुढचा, मधला आणि मागचा असे थर असतात आणि मोठ्या आकारामागे लहान आकार ठेवला की खोली येते, हे त्यानेच शिकवलेले असते. अडचण पुढे येते. तोच विद्यार्थी कथाचित्रे शिकू लागतो, त्याच्या हाती एक उतारा दिला जातो, आणि तो त्या उताऱ्याचे नव्हे तर त्यात आलेल्या नामांचे चित्र काढतो. नदी आहे म्हणून नदी, देऊळ आहे म्हणून देऊळ, आजोबा आहेत म्हणून आजोबा. सगळे जागच्या जागी असते, रेखाटनही नेटके असते, पण वाचक पान उलटून पुढे जातो, कारण त्या चित्रात उताऱ्याहून वेगळे असे काही घडलेलेच नसते.

या सवयीतून बाहेर पडण्याची रीत येथे एकाच चित्राच्या आधाराने सांगितली आहे. नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा एका चित्राचे सगळे निर्णय सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणे अधिक उपयोगी ठरते, असा शिकवतानाचा अनुभव आहे. सरावासाठी घेतलेला उतारा तीनच वाक्यांचा आहे आणि तो मुलांच्या मासिकातील एका पूर्ण पानासाठी आहे, असे समजावे: ‘पाणी मारुतीच्या छातीला लागले होते. आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझा हात अधिक घट्ट धरला.’

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की हा मारुती म्हणजे रामकुंडाच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की शहरात क्युसेकचे आकडे फारसे कोणी विचारत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला लागले, हे विचारतात. म्हणजे उताऱ्यातील पहिले वाक्य हे केवळ दृश्य नाही, ती एक मोजणी आहे, आणि नाशिकच्या मुलाला ती लगेच कळते.

उतारा वाचताना

पेन्सिल उचलण्यापूर्वी उताऱ्यातील क्रियापदांखाली रेघ ओढावी. येथे तीन क्रियापदे आहेत: लागले होते, बोलले नाहीत, धरला. पहिले पाण्याचे आहे, दुसरे न घडलेल्या गोष्टीचे आहे आणि तिसरे हाताचे. यांपैकी चित्राचा भार कशावर टाकायचा, हा पहिला निर्णय. पूर भव्य असतो, डोळ्यांत भरतो, म्हणून बहुतेक विद्यार्थी पुराकडे ओढले जातात. परंतु पूर किती आला हे मजकुराने आधीच सांगून टाकले आहे. आजोबांचे न बोलणे आणि हाताची पकड यांत जे दडले आहे, ते मजकूर उघड करत नाही. आजोबांनी यापूर्वीचा एखादा मोठा पूर पाहिला असेल, काही गमावले असेल. लेखकाने ते वाचकावर सोडले आहे. चित्राने तिथे काम करायचे असते.

मग कागदाच्या माथ्यावर चित्राचे एक वाक्य लिहावे. ‘गोदावरीचा पूर’ हे वाक्य नव्हे, तो मथळा झाला. ‘लांबचे पाणी पाहून जवळचा हात घट्ट होतो’ हे वाक्य आहे, कारण त्यात दोन गोष्टींचे नाते आहे, आणि रचना म्हणजे नात्यांचीच मांडणी. हे वाक्य लिहिलेला कागद काम संपेपर्यंत समोर चिकटवून ठेवावा. पुढे प्रत्येक वेळी अडेल तेव्हा त्याच्याकडे पाहायचे आहे: अमुक झाड हवे का, देवळाचे शिखर घ्यावे का, आकाश किती ठेवावे. त्या वाक्याला ज्याची गरज नाही ते चित्रात आले तर त्याने निदान आड येऊ नये.

जागेवर जाऊन

घाट आपल्याला पाठ आहे असे प्रत्येक नाशिककराला वाटते आणि कागद पुढे घेतला की पायऱ्यांची दिशासुद्धा सांगता येत नाही. म्हणून एक सकाळ घाटावर घालवावी. पाणी उतरलेले असताना मारुतीची उंची, त्याच्याभोवतीचे दगड, पुलाचा कठडा आणि त्यातील मोकळी जागा यांची लहान रेखाटने करावीत; पुराच्या दिवशी पोलिसांनी परवानगी दिली असेल तेवढ्याच अंतरावरून पाण्याचा रंग आणि अडथळ्याशी फुटणारा प्रवाह पाहावा. चित्रासाठी पायऱ्यांवर उतरण्याचे धाडस करू नये. वाढते पाणी पायऱ्या फार लवकर गिळते.

या भेटीत सर्वांत महत्त्वाची नोंद असते ती दृष्टिपातळीची. सपाट जमिनीवर आपण उभे असलो तर क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते, आणि त्यामुळे आपल्याइतक्याच उंचीची उभी माणसे जवळ असोत वा दूर, त्यांचे डोळे त्याच रेषेवर येतात. बदलतात ती फक्त त्यांची पावले. हे एकदा घाटावरच्या गर्दीत पडताळून पाहिले की गर्दी काढताना डोकी वर-खाली विखुरण्याची चूक पुन्हा होत नाही. त्याच जागी उकिडवे बसून पाहिले की रेषा कमरेशी येते, माणसे डोंगराएवढी होतात आणि मागचे पाणी चिंचोळी पट्टी बनते. पुलावर चढले की उलटे होते: पात्र पसरते, माणसे लहान होतात आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांची डोकी क्षितिजाच्या पुष्कळ खाली जातात. आपल्या उताऱ्यात सांगणारी मुलगी सात-आठ वर्षांची आहे असे धरले, तर तिचे डोळे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर असतील. गोष्ट ती सांगते आहे. मग चित्र मोठ्या माणसाच्या उंचीवरून का काढायचे?

मोबाईलवर छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण एक सावधगिरी बाळगावी. मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद पाहतो, त्यामुळे जवळचा कठडा फुगतो आणि दूरचा मारुती काडेपेटीएवढा होतो. डोळ्याला तो एवढा लहान दिसत नव्हता, कारण आपले लक्ष त्याच्यावरच होते. दोन पाऊले मागे सरून दुप्पट झूमवर दुसरे छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. विद्यार्थी छायाचित्रावरून काढतात याला माझा विरोध नाही. कॅमेऱ्याने घेतलेला निर्णय आपला समजून बसतात, याला आहे.

बारा लहान चौकटी

आता थंबनेल, म्हणजे चित्राचा लहानसा कच्चा आराखडा. चित्र ए-फोर आकाराचे असेल तर चौकट 52 × 74 मिलिमीटरची घ्यावी. ती ए-फोरच्या बरोबर चौथाई मापाची असल्याने गुणोत्तर तेच राहते आणि नंतर मोठे करताना हिशेब सोपा होतो. गुणोत्तर जुळवून न घेतलेली चौकट हा या टप्प्यावरचा सर्वांत साधा आणि सर्वांत महाग पडणारा घोटाळा आहे: चौरस चौकटीत जमलेली रचना उभ्या पानावर ओढून बसवताना नेमका महत्त्वाचा भाग कापला जातो. एका कागदावर बारा चौकटी आखाव्यात, बोथट सहा-बी पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक चौकटीला दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. बोथट पेन्सिल मुद्दाम सांगितली, कारण टोकदार पेन्सिल हाती आली की विद्यार्थी मारुतीचे डोळे काढायला बसतो. या आकारात डोळे, बोटे, नक्षी काहीच काढता येऊ नये. फक्त कोणता आकार किती मोठा, कुठे आणि किती गडद, एवढेच ठरावे.

पहिल्या दोन-तीन चौकटींत स्मरणचित्राचा साचा येणारच. तो येऊ द्यावा. समोरून पाहिलेला मारुती मध्यभागी, डावीकडे आजोबा आणि नात, मागे नारोशंकराच्या देवळाचे शिखर, वर ढग. दाबून ठेवला तर तो सहाव्या चौकटीत वेष बदलून परत येतो. काढून टाकला की हात मोकळा होतो. त्यानंतर प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट जाणीवपूर्वक बदलावी: पाहणाऱ्याची उंची, पाहणाऱ्याचे अंतर, कोणाला कागदाच्या कडेने कापायचे, कोण कोणाच्या आड येणार.

आमच्या उदाहरणात चौथी चौकट पुलावरून खाली पाहणारी निघाली. पाण्याचा विस्तार उत्तम दिसला, पण माणसे मुंगीएवढी झाली आणि हात हरवला. पाचव्या चौकटीत पाहणारा पाण्याच्या बाजूला गेला: पुढे मारुतीची मोठी गडद आकृती, मागे पुलावर ओळीने उभे असलेले लोक. या मारुतीची गंमत अशी की मागून काढावा तरी तोंड दिसतेच, त्यामुळे पाठमोऱ्या आकृतीतून येणारा एकाकीपणा इथे मिळत नाही. तरीही चौकट दमदार होती. सहावीत केवळ दोन हात, पानभर. ती भाषणासारखी वाटली, आणि पूर कुठे आहे हे मजकूर वाचल्याशिवाय कळेना.

सातव्या चौकटीत पाहणारा मुलीच्या मागे, तिच्याच उंचीवर आला. डावीकडे आजोबांचे धोतर आणि सदऱ्याचा खालचा भाग, उजवीकडे पाठमोरी मुलगी, रेनकोट घातलेली. दोघांच्या मध्ये उभी फट, त्या फटीतून कठड्यापलीकडचे पाणी आणि पाण्यात लहानसा मारुती. फटीच्या तळाशी दोघांचे गुंफलेले हात. आजोबांचा चेहरा कागदाच्या वरच्या कडेबाहेर गेलेला आहे.

चेहरा कापण्याचे विद्यार्थ्यांना फार भय वाटते. स्मरणचित्रात माणूस पूर्ण काढण्याचा संस्कार असतो आणि कापलेले डोके म्हणजे जागेचा अंदाज चुकला, अशी समजूत असते. परंतु उतारा म्हणतो की आजोबा काहीच बोलले नाहीत. चेहरा दाखवला तर त्यावर भीती, दुःख, काळजी असा कोणता तरी भाव काढावाच लागेल, आणि मग चेहरा बोलू लागेल. तो काढलाच नाही की सगळे बोलणे हाताकडे येते. एवढ्या एका कारणासाठी सातवी चौकट निवडली. उरलेल्या पाच चौकटी तरीही पूर्ण कराव्यात, कारण सातवीचे आणखी तीन प्रकार त्यांतच सापडतात: फट रुंद की अरुंद, मारुती फटीच्या मधोमध की एका कडेला, हात किती खाली.

मारुती फटीच्या मधोमध ठेवला की चित्र देव्हाऱ्यासारखे दिसू लागले. थोडा उजवीकडे, मुलीच्या खांद्याजवळ सरकवल्यावर ती त्याच्याकडे पाहते आहे हे कळले. येथे आणखी एक दोष टाळायचा असतो. दोन आकारांच्या कडा एकमेकींना नुसत्या चिकटतात, म्हणजे मारुतीचे डोके कठड्याच्या आडव्या पट्टीला नेमके टेकते किंवा मुलीची वेणी मारुतीच्या हाताला लागून जाते, तेव्हा खोली मरते आणि डोळा त्या जागी अडखळतो. कडा एक तर स्पष्ट एकमेकींवर चढाव्यात किंवा त्यांच्यात स्पष्ट मोकळी जागा असावी. थंबनेलवर लाल पेनाने अशा चिकटलेल्या जागा शोधाव्यात. पहिल्या खेपेला चार-पाच तरी हमखास निघतात.

तृतीयांशाच्या नियमाविषयी थोडेसे. पानाचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून छेदबिंदूंवर महत्त्वाची वस्तू ठेवावी, हे इंटरनेटवर पहिल्याच धड्यात सांगितले जाते. दोन समान भाग एकमेकांशी भांडू नयेत, हा त्यामागचा विचार योग्य आहे, आणि क्षितिज बरोबर मध्यावर आले असेल तर ते लक्षात आणून देण्यापुरता तो नियम कामाचाही आहे. पण तो चित्राच्या शेवटी तपासण्यासाठी बरा. त्याच्यापासून सुरुवात केली तर प्रत्येक चित्राचा सांगाडा एकच होतो, आणि मग आपण स्मरणचित्राचा साचा टाकून दुसरा साचा घेतला एवढेच घडते. आपल्याकडच्या जुन्या विचारात चित्राची सहा अंगे सांगितली आहेत, ती कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेतील श्लोकामुळे ओळखीची आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. त्यांत लावण्याला जोडून आलेला शब्द ‘योजन’ आहे, हे मला विद्यार्थ्यांना दाखवावेसे वाटते. शोभा ही नंतर चढवायची गोष्ट नसून जोडण्याची, बेत करण्याची आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

तीन छटांत चित्र

रचना ठरली तरी ती टिकते की नाही हे छटांनी ठरते. निवडलेली चौकट पुन्हा तीनदा काढावी आणि दर वेळी फक्त तीन छटा वापराव्यात: कागदाचा पांढरा, एक मध्यम करडा आणि काळा. उजेड-काळोखाच्या या वाटणीला जपानी परंपरेत नोतान म्हणतात आणि तिच्यात रेषेला जागा नसते. आकार छटेच्या सीमेवरच उमटतो.

आपल्या चित्रात पहिली वाटणी सहज झाली: आजोबांचे धोतर पांढरे, मुलीचा रेनकोट गडद, मधली फट मध्यम. दोघांचे हात नेमके पांढऱ्या धोतरावर आणि गडद रेनकोटाच्या काठावर येतात, म्हणजे चित्रातील सर्वांत तीव्र छटाभेद हातापाशी पडतो आणि डोळा आधी तिथेच जातो. हे नशिबाने घडले नाही. पहिल्या प्रयत्नात मुलीचा रेनकोट पिवळा होता, कारण लहान मुलांचे रेनकोट पिवळे असतात असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. करड्यात तो धोतराइतकाच उजळ ठरला आणि हात दोन पांढऱ्यांच्या मध्ये नाहीसे झाले. रेनकोट गडद निळा केला आणि प्रश्न सुटला.

दुसरी अडचण मारुतीची. पुराच्या दिवशी गोदावरीचे पाणी चहासारखे तांबूस-गढूळ असते आणि मारुती शेंदरी. रंगात हे दोन वेगळे वाटतात, पण छटेत इतके जवळ येतात की काळ्या-पांढऱ्यात मारुती पाण्यात विरघळून जातो. मासिकाचे पान एकरंगी छापायचे ठरले तर चित्रातून मारुतीच गायब होईल. यावर तीन मार्ग आहेत. मारुती गडद करता येतो, पण मग तो हाताशी स्पर्धा करतो. पाणी उजळ करता येते, ढगाळ आकाशाचे प्रतिबिंब धरून. तसे केले की पुराचा गढूळपणा कमी होतो. तिसरा मार्ग पाहणीतून मिळाला: प्रवाह अडथळ्याशी फुटतो तिथे फेसाची उजळ रेघ तयार होते. ती रेघ मारुतीच्या छातीशीच येणार होती, आणि उताऱ्यातील मोजणीही तिथेच आहे. एका पांढऱ्या रेघेने मारुती पाण्यापासून सुटला आणि पाणी कुठवर आले तेही सांगितले गेले. घाटावर सकाळ घालवली नसती तर हे उत्तर घरी बसून सुचले नसते.

छटा तपासण्यासाठी डोळे किलकिले करून पाहणे ही जुनी युक्ती अजूनही सर्वांत चांगली आहे. मोबाईलमधील कृष्णधवल फिल्टर तिला पूरक ठरतो. चित्र आरशात किंवा उलटे धरूनही पाहावे. सवयीने न दिसणारा कल तेव्हा दिसतो.

ज्यांना छटांचा सराव स्वतंत्रपणे करायचा आहे त्यांच्यासाठी नाशिकमध्ये दोन जागा खास आहेत. काळाराम मंदिर काळ्या दगडाचे असल्याने उजळ आकाशापुढे ते एकसंध गडद आकार बनते, आणि ऊन फिरले की त्याच काळ्यातून तीन-चार छटा वेगळ्या निघतात. सकाळी आणि दुपारी एकाच जागेवरून तीन छटांचे रेखाटन करून दोन्ही शेजारी ठेवावीत. दुसरी जागा पांडवलेणी. चोवीस लेण्यांपैकी कोणत्याही एखाद्या लेण्याच्या ओसरीत आत सरकून बाहेर पाहावे: खांबांची काळी चौकट आणि तिच्यात उन्हाने धुतलेले शहर. आपल्या चित्रातील धोतर आणि रेनकोट यांमधली फट ही याच चौकटीची धाकटी बहीण आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात दर्शनी भागाचा भार खांद्यावर पेलणारे सहा महाकाय पुरुष कोरले आहेत. वजन कसे दाखवावे हे त्यांच्या वाकलेल्या खांद्यांइतके स्पष्ट क्वचितच कुठे पाहायला मिळेल, तेव्हा छटांचे काम झाल्यावर तेही रेखाटून घ्यावेत.

गर्दीचा प्रश्न

वरच्या चित्रात गर्दी नव्हती. पण नाशिकच्या विद्यार्थ्याला आज ना उद्या गर्दी काढावीच लागते. सिंहस्थ आहे, रंगपंचमी आहे. गर्दी माणसे मोजून काढायची नसते. ती आधी एक किंवा दोन मोठे आकार म्हणून मांडावी, त्या आकाराची बाहेरची कड रंजक करावी, आणि मग कडेवरची पाच-सात माणसेच स्पष्ट करावीत. आतली डोकी ठिपक्यांनी भागतात. जुन्या नाशिकमधील पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, रंगपंचमीला उघडतात तेव्हा हा सराव करून पाहावा. रंगाने भरलेला हौद, भोवती दाटलेली माणसे आणि त्यांत एक जण धप्पा मारायला हवेत उडालेला. येथे रचनेइतकाच क्षणाचा निर्णय असतो. पाण्यात पडल्यानंतर उसळलेला रंग दिसायला मोठा, पण उडी घेण्याच्या ऐन आधी काठावर पाय टेकलेला माणूस अधिक ताण धरतो, कारण पुढचे वाचकाच्या मनात घडते. दोन्ही क्षणांची थंबनेल काढावीत. मी बहुतेक वेळा आधीचा क्षण निवडतो; विनोदी गोष्ट असेल तर नंतरचा.

पानावर बसवताना

चित्र एकटे छापले जात नाही. त्याच्याबरोबर मथळा असतो, मजकूर असतो, पृष्ठांक असतो, कडा कापल्या जातात आणि मधल्या घडीत काही भाग जातो. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ करताना मी अंकाच्या नावाची जागा किती आणि कुठे, हे विचारले नाही. वरच्या तिसऱ्या भागात दिवा उंच धरलेला हात होता आणि सगळी रचना त्या दिव्याकडे चढत जात होती. अंक हाती आला तेव्हा नावाची जाड अक्षरे दिव्यावर बसलेली होती. संपादकांचे काही चुकले नव्हते. नाव दर वर्षी तिथेच असते. तेव्हापासून थंबनेलच्या पहिल्या चौकटीतही मी मथळ्याची आणि मजकुराची जागा आडव्या रेघांनी भरून टाकतो, म्हणजे ती रिकामी आहे असा भ्रम होत नाही.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच मासिकाकडून किंवा प्रकाशकाकडून पानाचा कापलेला आकार, मजकुराची जागा आणि बांधणीचा प्रकार विचारून घ्यावा. चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंना किमान तीन मिलिमीटर जादा काढावे, आणि हात, चेहरा यांसारखा महत्त्वाचा भाग कापाच्या रेषेपासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवावा. जोडपानावरचे चित्र असेल तर घडीवर कोणाचेही नाक येऊ देऊ नये. पाठीला गोंद लावून बांधलेल्या पुस्तकात तो भाग आत ओढला जातो. संगणकावर काम करणाऱ्याने ए-फोर पानासाठी 2480 × 3508 पिक्सेल, म्हणजे इंचाला 300 ठिपके, हे माप सुरुवातीलाच घ्यावे. लहान मापावर काढून शेवटी ताणले की कडा भुरकट होतात.

मोठे करणे आणि रंग

थंबनेल मोठे करताना त्यातील जोर निघून जातो ही तक्रार नेहमीची आहे. कारण असे की मोठ्या कागदावर विद्यार्थी पुन्हा नव्याने काढू लागतो. तसे न करता थंबनेलचे छायाचित्र चौपट करून छापावे किंवा दोन्ही कागदांवर सारख्या संख्येच्या चौकटी पाडून कडा जशाच्या तशा उतरवाव्यात, आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तपशील भरावा. आकारांच्या सीमा थंबनेलच्या, बोटे-घड्या-दगड निरीक्षणाच्या नोंदींतल्या. हाताच्या पकडीसाठी घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांना दोन मिनिटे हात धरून उभे राहायला सांगावे. घट्ट धरलेल्या हातात अंगठा कुठे वळतो आणि लहान बोटे कशी दबतात, हे स्मरणातून येत नाही.

रंगांचे काम याहून थोडक्यात सांगता येते, कारण छटा ठरल्या असतील तर निम्मे रंग आपोआप ठरतात. थंबनेलच्याच आकारात तीन-चार रंगीत चौकटी कराव्यात, प्रत्येकीत चारांहून अधिक रंग नकोत. या चित्रात शेंदरी फक्त मारुतीला ठेवला. आजोबांच्या सदऱ्यावर, मुलीच्या रिबिनीवर किंवा मागच्या पताकांवर तो येऊ दिला नाही. एका वर्गमित्राने रिबीन शेंदरी केली तर मुलगी आणि मारुती जोडले जातील असे सुचवले. तो विचार चांगला होता, पण तसे केल्यावर डोळा रिबिनीवरून थेट मारुतीकडे उडी मारू लागला आणि हात वगळला गेला, म्हणून रिबीन पांढरी राहिली.

वेळेची वाटणी कशी असावी, असे विचारले जाते. एका पूर्ण पानासाठी दहा तास मिळाले तर चार तास वाचन, पाहणी, चौकटी आणि छटा यांवर घालवावेत, असे माझे मत आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री हा सल्ला कोणालाच पटत नाही, हेही मला ठाऊक आहे.

जुनी चित्रे वाचताना

स्वतःच्या कामाबरोबर दर आठवड्याला एक जुने चित्र उलगडून पाहावे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे यासाठी उत्तम आहेत, कारण मथळ्याची जागा राखून एक आकृती दुरूनही नजरेत भरावी, अशा गरजेतून ती जन्मली आहेत. नाशिकच्या 1840 पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जुने दिवाळी अंक मिळाले तर त्यांतील एखाद्या मुखपृष्ठाची नक्कल करावी, पण रेषांची नव्हे. 52 × 74 मिलिमीटरच्याच चौकटीत, तीन छटांत, तपशील सगळा गाळून. चेहऱ्याची गोडी, साडीची चमक बाजूला ठेवली की उरतो तो सांगाडा, आणि त्या गोडीला कोणी सावरून धरले होते ते दिसते. अशी दहा-बारा मुखपृष्ठे झाली की आपल्या चौकटीही आपोआप धीट होतात.

शिक्षकांना किंवा मित्रांना दाखवायचे ते पूर्ण झालेले चित्र नव्हे, छटांची चौकट. पूर्ण चित्रावर लोक ‘छान आहे’ म्हणतात, कारण त्यात घातलेली मेहनत त्यांना दिसते आणि दुरुस्तीला उशीर झाल्याचेही कळते. चौकट तीन सेकंद दाखवून लपवावी आणि विचारावे, आधी काय दिसले, नंतर काय. ‘हात, मग पाणी, मग मारुती’ असे उत्तर आले तर पुढे जावे. आमच्या चित्राला पहिल्या खेपेला ‘रेनकोट’ असे उत्तर आले होते, कारण त्याचा गडद आकार पानाचा जवळजवळ अर्धा भाग व्यापत होता. मुलीला कडेने थोडे अधिक कापल्यावर उत्तर बदलले.

नाकारलेल्या चौकटी फेकू नयेत. त्यांवर तारीख आणि चित्राचे ते एक वाक्य लिहून वहीत चिकटवाव्यात. मारुतीची मोठी गडद आकृती पुढे आणि पुलावर लोकांची ओळ मागे अशी पाचवी चौकट या पानाला चालली नव्हती. पण त्याच गोष्टीत दोन पानांनंतर पाणी ओसरते आणि लोक एकेक करून घरी जातात, तिथे तिच्यातली माणसे कमी करत नेली आणि ती जशीच्या तशी वापरता आली.